हात बधिर होतात? आधी सीट बघा

रोडबाइक (खाली वळलेल्या हँडलची वेगवान सायकल) घेतली की पहिल्या महिन्याभरात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. तळहात बधिर होतात, मान अवघडते, गुडघा कुरकुरतो, बसायच्या जागी घासतं. उपायही तितकेच ठरलेले: हातांसाठी जेलचे मोजे, बुडासाठी मऊ गुबगुबीत कव्हर, आणि तरीही भागलं नाही तर हँडल वर घेणं. यातला बराचसा पैसा वाया जातो. सायकलवर दुखणारी जागा आणि बिघडलेलं माप बहुतेक वेळा एका ठिकाणी नसतातच.

मऊ कव्हरचंच बघा. बसल्यावर आपलं वजन कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर यायला हवं. फोम फार मऊ असला की ही हाडं त्यात रुततात आणि मधला भाग उलट वर दाबला जातो. नेमक्या तिथूनच नाजूक नसा आणि रक्तवाहिन्या जातात. म्हणून मऊ सीटवर पहिली दहा मिनिटं बरं वाटतं आणि तासाभरानं बधिरपणा येतो.

मापं लावायचा क्रम पक्का आहे: आधी सीटची उंची, मग सीट पुढे-मागे, मग तिचा कल, आणि हँडल सगळ्यात शेवटी. सीट हलली की हँडलपर्यंतचं अंतर बदलतंच, त्यामुळे हँडलपासून सुरुवात केली तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

उंचीबद्दलचा सगळ्यात जुना गैरसमज म्हणजे बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत. रोडबाइकची क्रँक, म्हणजे पेडल धरणारा दांडा, फिरते तो आस जमिनीपासून साधारण २७ सेंटिमीटर वर असतो आणि क्रँक असते १७ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे अगदी खाली आलेलं पेडलही जमिनीपासून १० सेंटिमीटर वर. त्या पेडलवर पाय जवळजवळ सरळ होत असेल, तर जमीन त्याहून १० सेंटिमीटर खोल आहे. तळवे आरामात टेकत असतील तर सीट नक्कीच खाली आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा असतो.

उंचीचा अंदाज घ्यायला टाच वापरा. रोज घालता तेच बूट घालून सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) चढवा किंवा भिंतीला धरून बसा. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हावा, कंबर एका बाजूला झुकू नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप बाक येतो. हा बाक २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावा. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडमुळे प्रसिद्ध झालेलं सूत्रही आहे: अनवाणी उभं राहून जाड पुस्तक जांघेत घट्ट वर सरकवा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. हे झालं क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ८० सेंटिमीटरला उत्तर येतं ७०.६. पण हे सूत्र क्रँकची लांबी विचारतच नाही. १७२.५ मिलिमीटरची क्रँक काढून १६५ ची लावली, तर सीट ७.५ मिलिमीटर वर घ्यावी लागते. तेव्हा सूत्र सुरुवातीपुरतं.

चूक कुठल्या बाजूला आहे हे गुडघाच सांगतो. वाटीच्या पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या खळगीत किंवा मांडीच्या मागच्या शिरेत ओढ बसत असेल तर वर. मागून मोबाइलवर चित्रण करून चड्डीच्या पट्ट्यावर नजर ठेवा. दर फेरीला पट्टा डावी-उजवीकडे डुलत असेल तर पाय पेडलपर्यंत पोचायला कंबर खाली सोडावी लागते आहे. घासणं आणि कंबरदुखी तिथूनच येते.

आता मूळ प्रश्नाकडे. हातांवर वजन येतं कुठून?

७० किलोच्या माणसाचं डोकं, हात आणि धड मिळून सुमारे दोन-तृतीयांश वजन, म्हणजे ४७ किलो. कंबरेतून ४५ अंश वाकल्यावर या भागाचा गुरुत्वमध्य बसायच्या जागेपासून साधारण २२ सेंटिमीटर पुढे येतो. हात हँडलवर ७० सेंटिमीटर पुढे. शाळेतला तरफेचा नियम लावा: ४७ गुणिले २२ भागिले ७०, म्हणजे जवळपास १५ किलो. पाय नुसते पेडलवर टेकलेले असतील आणि पाठ ढिली सोडली असेल, तर एवढा भार तळहातांवर पडतो.

जोरानं पेडल मारायला लागलं की हा भार हलका होतो. पाय पेडलला खाली दाबतो, तितक्याच बळानं पेडल शरीराला वर ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम. हे वर ढकलणारं बळ बसायच्या जागेच्या पुढे लागतं, त्यामुळे ते पुढे कलंडणाऱ्या धडाला मागे सावरतं. शरीराच्या आत हे काम करतात ढुंगणाचे आणि मांडीमागचे स्नायू: मांडी खाली ढकलणारे स्नायूच धड उचलून धरतात. किती सुंदर योजना आहे ही! म्हणूनच चढावर हातांना त्रास जाणवत नाही, आणि सपाट रस्त्यावर रमतगमत चालवताना बोटांना मुंग्या येतात.

या सावरणाऱ्या बळाचा परिणाम त्याच्या तरफेच्या लांबीवर ठरतो. सीटची नळी ७३ अंशांत असेल, तर ७१ सेंटिमीटर उंचीवरची बसायची जागा क्रँकच्या आसाच्या सुमारे २१ सेंटिमीटर मागे असते. दाब देणारं पेडल आसाच्या १७ सेंटिमीटर पुढे. बेरीज ३८. सीट २ सेंटिमीटर मागे नेली की ४०, पुढे नेली की ३६. फरक किरकोळ वाटतो, पण हातांवर उरतो तो भार म्हणजे धडाला पुढे कलंडवणारा आणि मागे सावरणारा परिणाम, अशा दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी आहे. त्यातला एक आकडा थोडा हलला तरी बाकी बरीच हलते. हात दुखतात म्हणून हँडल जवळ यावं यासाठी सीट पुढे सरकवणारा माणूस नेमकी हीच तरफ आखूड करून घेतो.

चाचणी सोपी आहे. ट्रेनरवर मध्यम जोर लावून पेडल मारत राहा आणि धडाचा कोन न बदलता हात हूडवरून (ब्रेकच्या मुठींवरून) अलगद उचला. क्षणभर तसंच राहता आलं तर सीट ठीक. तोंडघशी पडल्यासारखं झालं तर सीट ५ मिलिमीटर मागे घ्या आणि पुन्हा बघा. सीट १० मिलिमीटर मागे नेली की पेडलपासूनचं अंतर १० गुणिले कोसाइन ७३, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर वाढतं. तेवढी ती खाली घ्यायची. हे विसरलं की हात सुधारतात आणि गुडघ्यामागे दुखायला लागतं.

इथे ओळंब्याचा विषय काढायलाच हवा. क्रँक आडवी धरून गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडायचा आणि तो पेडलच्या आसावर पडला की सीट बरोबर, असं अजून ठिकठिकाणी छातीठोकपणे सांगितलं जातं. सायकल रचनाकार कीथ बॉन्ट्रेगर यांनी यातली गोम फार पूर्वी दाखवली: उताणं झोपून चालवायच्या सायकलवर ओळंबा पेडलच्या जवळपासही पडत नाही, तरी गुडघे शाबूत राहतात. गुरुत्वाकर्षणाच्या दिशेचा गुडघ्याच्या सांध्याशी तसा संबंधच नाही. अनेकांना ओळंब्यानं येणारी जागा चालते, कारण ती योगायोगानं मधली असते. लेझरचा किरण सोडून तेच केलं तरी तर्क बदलत नाही.

कल सपाट ठेवा, फार तर २ ते ३ अंश पुढे उतरता. सीटवर ताठ पुठ्ठा आणि त्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून मोजा. २७ सेंटिमीटरच्या सीटला १ अंश म्हणजे टोकाशी जेमतेम ५ मिलिमीटर. ५ अंश उतार दिला आणि सीटवर ४० किलो असले, तर साडेतीन किलोचं बळ सतत पुढे घसरवत राहतं. घर्षणातून उरलेलं सगळं हातच अडवतात.

एवढं झाल्यावर हँडल. सीट मागे गेली तितकं ते लांब गेलेलं असतं. कोपर किंचित वाकलेलं राहत नसेल तर १० मिलिमीटर आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) लावा. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं जाणारी नस दबते आहे. अंगठा आणि पुढची दोन बोटं असतील तर मनगटाच्या मधोमध जाणारी. दोन्हीत हूड असे फिरवा की पुढचा हात आणि पंजाची पाठ एका रेषेत येईल. स्टेमखालच्या चकत्या बदलताना आधी बाजूचे बोल्ट ढिले करा, मग वरची टोपी काढा. लावताना टोपी खडखड जाईपर्यंतच आवळा, स्टेम चाकाच्या रेषेत आणा आणि शेवटी बाजूचे बोल्ट. त्यांची मर्यादा बहुधा ५ न्यूटन-मीटर असते. स्टेमवर छापलेला आकडा अंतिम. कार्बनच्या भागांवर टॉर्कचा (ठरावीक जोरानंच आवळू देणारा) पाना नसताना हात चालवू नये.

काहीही हलवण्याआधी जुन्या जागेवर चिकटपट्टीची खूण करा, एका वेळी एकच माप बदला आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्या त्यावरच चालवा. सीटपोस्ट (सीटची दांडी) त्यावर कोरलेल्या किमान खोलीच्या रेघेपेक्षा वर काढू नका. बोटांतला बधिरपणा दुसऱ्या दिवशीही टिकला, तर पाना खाली ठेवून डॉक्टरांना दाखवा.