केमोनंतर लेकरू होईल का? बीटा एचसीजीसाठी येणाऱ्या बायांकरिता

आमच्या लॅबमध्ये बीटा एचसीजी (दिवस राहिल्यावर रक्तात वाढणारं एचसीजी मोजायची तपासणी) करायला येणाऱ्या बहुतेक जणी दिवस राहिले का ते पाहायला येतात. काही जणींचं मात्र उलट असतं. आकडा खाली गेला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. द्राक्षगर्भ (नीट गर्भ न बनता पिशवीत द्राक्षांसारखे फोड वाढणं) झाला, पिशवी साफ करूनही आकडा उतरेना, म्हणून नागपूर किंवा सेवाग्रामला केमो घ्यावी लागली, अशा बायांसाठी हे पत्रक आहे. घरी सासूबाईंनाही वाचून दाखवा.

रक्त काढताना हळूच एक प्रश्न येतो : "भाऊ, मले आता लेकरू होईन का?"

बहुतेकींना होतं. गावात 'केमो' म्हटलं की लोक हात टेकतात, पण हा आजार औषधाला फार चांगली दाद देतो. कमी जोखमीचा असेल तर जवळजवळ सगळ्या जणी बऱ्या होतात आणि पिशवीही शाबूत राहते. केमो संपल्यावर बहुतेकींची पाळी काही महिन्यांत सुरू होते. पुढच्या बाळात व्यंग असण्याचा धोका इतर बायांपेक्षा जास्त दिसलेला नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवा. मेथोट्रेक्झेटसारखं एकच औषध मिळालं असेल तर पाळी कायमची जाण्याचं वय साधारण वर्षभर अलीकडे येतं. बरीच औषधं एकत्र दिली असतील तर सुमारे तीन वर्षं. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर मुलाचा विचार आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, संकोच नको.

सुनेला बोल लावणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट. पूर्ण द्राक्षगर्भात (ज्यात बाळ बनतच नाही) बहुधा आईच्या बीजातला वारसा नसतोच, तो सगळा बापाकडून आलेला असतो. म्हणून नवऱ्याला दोष द्या असं नाही. दोष कुणाचाच नाही, आणि बाहेरचं तर मुळीच नाही.

वर्षभर का थांबायचं?

एचसीजी हे वारेच्या पेशी तयार करतात. द्राक्षगर्भाच्या पेशीही त्याच जातीच्या, म्हणून त्याही तेच तयार करतात. केमोनंतर आजार उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या वर्षातच उलटतो, आणि तो सगळ्यात आधी आकड्यात दिसतो. नेमके तेव्हाच दिवस राहिले तर आकडा वाढणारच. तो लेकराचा की आजाराचा, हे आमचं यंत्र सांगू शकत नाही. म्हणून शेवटच्या केमोपासून १२ महिने थांबायचं. पिशवी साफ केली त्या तारखेपासून मोजू नका, ही चूक फार होते.

मध्येच दिवस राहिले तर मेडिकलमधून गोळ्या आणून खाली करू नका. लवकर सोनोग्राफी करून डॉक्टरांना दाखवा. अशी बरीच बाळंतपणं सुखरूप झालेली आहेत.

थांबायचं कसं, ते डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा. आकडा नॉर्मल होईपर्यंत कॉपर-टी नको, कारण पिशवीला छिद्र पडण्याचा धोका असतो. दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतात, तेव्हा घाई असणाऱ्यांनी आधी विचार करावा. आणखी एक : मेथोट्रेक्झेट चालू असताना रक्तवाढीच्या लाल गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यात फॉलिक अॅसिड असतं आणि हे औषध नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करतं. पुढे मूल हवं असेल तेव्हा मात्र फॉलिक अॅसिड दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायचं.

आकड्याबद्दल

केमो चालू असताना तपासणी बहुधा दर आठवड्याला असते, म्हणून बऱ्याच जणी बाजाराच्या दिवशीच येतात. चांगलं आहे, रोजी बुडत नाही. नंतर निदान वर्षभर महिन्याची खेप. वेचणी सुरू झाली की ही खेप चुकते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. जमलं तर प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये करा, मग ती आमची नसली तरी चालेल. दोन यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत आणि विनाकारण धास्ती बसते. दिवस राहिले का ते लघवीत पाहायच्या 'निश्चय' कार्डावर अवलंबून राहू नका, थोडा वाढलेला आकडा त्यात दिसत नाही.

आकडा ५ च्या खाली म्हणजे नॉर्मल. एखाद्या वेळी थोडा वर आला तर लगेच रडू नका, आधी पुन्हा तपासू. काहींच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे यंत्र फसतं. अशा वेळी रक्तात आकडा दिसतो, लघवीत दिसत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. आम्ही आकडा देतो, त्याचा अर्थ तुमचे डॉक्टर लावतील.

पुन्हा दिवस राहिल्यावर

पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता शंभरात एक-दोन. तरी पहिल्या तिमाहीतच सोनोग्राफी करून घ्या. बाळंतपण होऊन सव्वा महिना उलटला की एकदा बीटा एचसीजी करा. गर्भपात झाला असेल तरीही. बाळाच्या गडबडीत हे हमखास विसरतं, म्हणून आत्ताच फाईलवर लिहून ठेवा.

येताना जुनी फाईल आणा, पहिल्या रिपोर्टपासूनची. या तपासणीला उपाशी यायची गरज नाही, भाकर खाऊन या.