श्रेणीबद्ध नॅनो-तुळईतील उष्णताजन्य कंपने

जाडीच्या दिशेने घटक बदलत जाणाऱ्या अतिसूक्ष्म तुळईवर उष्णता पडली असता उठणाऱ्या कंपनांचे गणिती वर्णन. सूक्ष्म संवेदकांच्या आखणीत ते उपयोगी पडते.

‘श्रेणीबद्ध’ म्हणजे काय, ते सांगलीकडच्या वाचकाने उसाचे कांडे आडवे कापून पाहावे. सालीलगत धाग्यांची दाटी असते, गाभ्याकडे ती विरळ होत जाते. मध्ये सांधा कुठेच नाही. धातू आणि सिरॅमिक यांचा असा बेमालूम मेळ घालण्याची कल्पना जपानमध्ये १९८४ च्या सुमारास, अवकाशयानाच्या उष्णतारोधक कवचासाठी पुढे आली. अशी तुळई सर्व बाजूंनी सारखी तापवली तरी वाकू पाहते, कारण धातूची बाजू जास्त प्रसरण पावते. इस्त्रीतली द्विधातू पट्टी हेच करते.

उष्णता सावकाश आली तर तुळई नुसती वाकते. लेसरच्या स्पंदासारखी झटक्यात आली, तर जडत्वामुळे ती नव्या समतोलाच्या पलीकडे जाते आणि डोलू लागते. साध्या तुळईसाठी हे गणित संशोधक ब्रूनो बोली यांनी १९५६ मध्ये मांडले. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीचे सौरफलक उन्हातून सावलीत जाताना असेच थरथरत. १९९३ मध्ये ते बदलावे लागले.

दोन्ही टोके जखडलेली असतील तर तापलेल्या तुळईला लांबायला जागा नसते. आत दाब साठतो, कंप्रता (दर सेकंदाची कंपने) उतरते. ती शून्यावर आली की तुळई एका बाजूला फुगते. मिरजेच्या सतारमेकरांना याचे भावंड ओळखीचे आहे : पोलादी तार तापली की सैलावते आणि स्वर उतरतो. तिथे ताण घटतो, इथे दाब वाढतो, एवढाच फरक.

नॅनो पातळीवर दोन जुनी गृहीतके अपुरी पडतात. उष्णतावहनाच्या फूरिए नियमानुसार (१८२२) उष्णतेची चाहूल दुसऱ्या टोकाला तत्क्षणी लागते. लॉर्ड आणि शुलमन यांनी १९६७ मध्ये विश्रांतिकाल, म्हणजे उष्णतेचा प्रवाह सुरू व्हायला लागणारा अल्प वेळ, घालून हा दोष काढला. दुसरे, एका बिंदूवरचा ताण (पदार्थाच्या आतले बल) तिथल्याच विकृतीवर, म्हणजे आकारातल्या बदलावर, ठरतो हे. एरिंगेन यांच्या अस्थानिक सिद्धांतात आजूबाजूच्या विकृतीही हिशेबात येतात. त्याचे एरिंगेन यांनीच १९८३ मध्ये दिलेले अवकल समीकरणाचे रूप वापरायला सोपे, म्हणून त्यावर लेखांचा पाऊस पडला. प्रयोग मात्र त्या मानाने फारच थोडे. शिवाय त्यात एक विसंगती निघाली : इतर आधारांची तुळई मऊ भासते, तर एकाच टोकाला जखडलेली तुळई उलट ताठ होते. २०१७ मध्ये रोमानो आणि बारेटा यांनी विकृतीऐवजी ताणापासून सुरुवात करून यातून वाट काढली.