अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी शुश्रूषा केंद्र निवडताना

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुकानात रुग्णाचा बेड, एअर मॅट्रेस (पंपावर चालणारी हवेची गादी), व्हीलचेअर भाड्याने न्यायला येणारे बरेच जण शेवटी एक प्रश्न विचारतात: "आईचं आता घरी होत नाही. बदलापूर-कर्जतकडे एखादं चांगलं केंद्र आहे का?" आम्ही कोणत्याही केंद्राचं नाव सुचवत नाही, कोणाकडून कमिशनही घेत नाही. मात्र बेड पोचवायला, मोटर दुरुस्त करायला आमची मुलं अंबरनाथपासून पनवेलपर्यंतच्या केंद्रांत थेट खोल्यांपर्यंत जातात. तिथे काय पाहायचं, एवढं आम्ही नक्की सांगू शकतो.

कूस कोण बदलतं?

पहिली चौकशी याचीच करा. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा इथला रक्तपुरवठा दबतो. आधी कातडी लाल होते. बोटाने दाबून सोडल्यावर ती लाली क्षणभरही फिकी पडली नाही, तर शय्याव्रण (बेडसोर) सुरू झालं असं समजा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे तो भाग काळपट दिसतो, हाताला गरम किंवा कडक लागतो. पुढची जखम भरायला महिने जातात.

दुसऱ्यांच्या आजी-आजोबांचं पांघरूण उचलून पाहणं बरं नव्हे. त्याऐवजी कूस बदलल्याचा तक्ता मागा. दुपारी तीन वाजता त्यात संध्याकाळच्या सहाचीही सही झालेली असेल, तर तो तक्ता खोटा आहे. "आमच्याकडे एअर मॅट्रेस आहे, कूस बदलायची गरज नाही," असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. ही गादी आम्हीच भाड्याने देतो, म्हणून ठामपणे सांगतो: तिने दाब कमी होतो, पण कूस बदलावीच लागते. आणि पंप बंद असेल तर तेवढाही उपयोग नाही.

रविवार सोडून जा

रविवारी नातेवाईक येतात, त्यामुळे चादरी बदललेल्या असतात, सगळे हजर असतात. मधल्या वारी, न कळवता, जेवणाच्या सुमारास जा. पाण्याचा पेला रुग्णाच्या हाताला लागतो का? नाकातल्या नळीने भरवताना आणि नंतर निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवतात का? सपाट झोपवून भरवलं तर अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, जमिनीला टेकलेली नको. कोणाचे हात बेडच्या कठड्याला बांधलेले दिसले किंवा सकाळी अकरा वाजताही सगळेच गुंगीत असले, तर कारण विचारा. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय यातलं काही होता कामा नये.

रात्रीचं मनुष्यबळ वेगळं विचारा. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) नर्सचं शिक्षण तीन वर्षांचं, एएनएमचं (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं; माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या मावशी मायेने करतात, पण औषध आणि इंजेक्शन हे त्यांचं काम नाही. रात्री दोनला धाप लागली तर कोण उठेल, डॉक्टर किती लांब आहेत, १०८ची गाडी दारापर्यंत येते का, हे तिथल्या मावशींनाही विचारून पाहा. त्यांचं उत्तर बहुतेक वेळा ऑफिसातल्यापेक्षा खरं असतं.

जुलै २०१९मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी पट्टा पाण्याखाली गेला, महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. म्हणून केंद्र कोणत्या मजल्यावर आहे आणि जनरेटर कुठे ठेवला आहे, हे बघाच. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र) विजेवर चालतो. जोडीला भरलेला सिलिंडर हवा.

कागद

उपचार करणाऱ्या नर्सिंग होमला १९४९च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी लागते, आणि दाखला दर्शनी भागात लावावा लागतो. साध्या वृद्धाश्रमाकडे तो नसेल, तर नळी आणि सलाईन कोण लावतं ते विचारा. डायपर, फिजिओ, औषधं महिन्याच्या रकमेत आहेत की वेगळी, आणि डिपॉझिट कधी परत मिळतं, हे लिहून घ्या.

दाखल केल्यावर प्रत्येक भेटीत मोजे काढून टाचा पाहा, दर महिन्याला वजन विचारा. हेळसांड होते आहे असं वाटलं आणि केंद्र दाद देत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

घरचा भाड्याचा बेड मात्र त्याच दिवशी परत करू नका. पहिला महिना तो राहू द्या, त्या महिन्याचं भाडं आम्ही निम्मं घेतो. माणसाला परत आणावं लागलं तर घरी बेड तयार असेल.