समुद्र कधी संपत नाही, या समजुतीची चारशे वर्षे

समुद्राच्या रक्षणाचे कायदे इतक्या उशिरा का आले, हे कळायला थेट १६०९ सालापर्यंत मागे जावे लागते. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांनी त्या वर्षी मांडले की समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही. वाद व्यापारी मार्गांचा होता, पण युक्तिवादाच्या मुळाशी एक गृहीतक होते: समुद्र कितीही वापरला तरी संपत नाही. किनाऱ्यालगतचे साधारण तीन सागरी मैल त्या त्या देशाचे आणि पलीकडचे सगळे पाणी मोकळे, अशी रीत पुढे रूढ झाली. १८८३ मध्ये थॉमस हक्सले यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञानेही लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात सांगितले की मोठ्या सागरी माशांचे साठे बहुधा अक्षय आहेत. ते त्या काळच्या मासेमारीच्या साधनांबद्दल बोलत होते. पण साधने बदलली, समजूत मात्र तशीच राहिली.

तिचा पहिला मोठा बळी ठरला देवमासा. स्फोटक हार्पून, म्हणजे देवमाशावर डागायचे भाले, एकोणिसाव्या शतकातच आले होते. १९२५ पासून मागच्या बाजूला उतार असलेली कारखाना-जहाजे आली आणि अख्खा देवमासा डेकवर ओढून भरसमुद्रात त्याचे तेल काढता येऊ लागले. १९४६ च्या करारातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग उभा राहिला खरा, पण त्याने शिकारीची मर्यादा मोजली ती ‘निळ्या देवमाशाच्या एककात’. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई जातीचे देवमासे. हे गणित तेलाच्या हिशेबाने बसवलेले होते. कोणती जात किती उरली आहे, हा प्रश्न त्यात नव्हताच. एकच निळा देवमासा मारून पूर्ण एकक पदरात पडत असेल, तर शिकारी आधी त्याच्याच मागे लागणार! संरक्षणाच्या नावाखाली केलेला याहून घातक नियम मला तरी आठवत नाही. तो १९७२ पर्यंत चालला. व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय १९८२ मध्ये झाला आणि १९८६ पासून अमलात आला. मात्र हरकत नोंदवणाऱ्या देशाला त्यातून सुटता येत होते. नॉर्वेने तेच केले.

तेलगळतीबाबत जग तुलनेने लवकर हलले, कारण ती डोळ्यांना दिसते. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर चढले. त्यात सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. सरकारने शेवटी विमानांतून बॉम्ब टाकून तेल पेटवायचा प्रयत्न केला. किनाऱ्यांवर हजारो टन रासायनिक द्रावणे फवारली गेली आणि खडकांना चिकटून राहणारे शंखवर्गीय जीव तेलापेक्षा या द्रावणांनीच जास्त मेले. जिथे नुसते तेल होते ते खडक दोन-तीन वर्षांत सावरले. जिथे फवारणी झाली होती, तिथे दशकाहून अधिक काळ गेला. या धक्क्यातूनच जहाजांमुळे होणारे सागरी प्रदूषण रोखण्यासाठीचा १९७३ चा मारपोल करार आकाराला आला. १९७८ मध्ये त्याला नव्या अटींची जोड मिळाली आणि १९८३ मध्ये तो लागू झाला.

माशांच्या वाट्याला अशी तातडी आली नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने किनारी देशांना २०० सागरी मैलांपर्यंत हक्क दिले, पण हक्क मिळाला म्हणजे संयम येतोच असे नाही. कॅनडाने परदेशी ट्रॉलर दूर ठेवले आणि स्वतःचा ताफा वाढवला. साठ्याचे अंदाज फुगलेले होते. २ जुलै १९९२ रोजी न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांची रोजीरोटी गेली. या बंदीला तीस वर्षे उलटून गेली, तरी कॉड पूर्वीच्या संख्येने परतलेला नाही.

राहिला २०० मैलांपलीकडचा खुला समुद्र, म्हणजे महासागरांचा जवळपास दोन तृतीयांश भाग. त्यातील जीवसृष्टीसाठीचा करार १९ जून २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांत स्वीकारला गेला आणि १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. एकमत होत नसेल तर तीन चतुर्थांश मतांनी तिथे संरक्षित क्षेत्र ठरवता येते. हरकत घेणाऱ्या देशाला लेखी कारण द्यावे लागते आणि कोणती कारणे चालतील हेही करारातच ठरलेले आहे. देवमाशांच्या करारातली पळवाट निदान इथे अरुंद केली आहे. तरीही खुल्या समुद्रातील मासेमारीचा कोटा आजही प्रादेशिक मत्स्य संघटनाच ठरवतात आणि खोल समुद्रतळावरील खाणकामाचे नियम जमैकातील किंग्स्टनच्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडेच आहेत.