प्रतिकारशक्तीच्या आनुवंशिक विकारांवरील जनुकोपचार

प्रतिकारक पेशी घडवणाऱ्या एखाद्या जनुकात जन्मतःच दोष असेल, तर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून सर्व रक्तपेशी बनतात त्या, बाहेर काढायच्या, त्यांत त्या जनुकाची निर्दोष प्रत घालायची आणि त्या पुन्हा त्यालाच द्यायच्या, अशी ही उपचारपद्धती आहे. आनुवंशिक रोगावर बाहेरून जनुक घालून उपचार करता येतील का, याचा पद्धतशीर विचार थिओडोर फ्रीडमन आणि रिचर्ड रोब्लिन यांनी १९७२ मध्ये एका लेखात मांडला. रुग्ण खरोखर बरा झाला असे म्हणता येण्याजोगा पहिला पुरावा मात्र २००० साली पॅरिसहून आला. तो याच विकारांतला होता आणि त्यामागे कारण होते.

या गटातला सर्वांत जीवघेणा विकार म्हणजे तीव्र संयुक्त प्रतिकारक्षमता-न्यूनता. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘स्किड’. अशा बाळाच्या शरीरात संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी जवळजवळ नसतात आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी असल्या तरी कामाच्या नसतात. जन्माच्या वेळी बाळ ठणठणीत दिसते; आईकडून आलेली प्रतिपिंडे काही महिने पुरतात. मग तोंडात हटवादी बुरशी, न थांबणारे जुलाब, वजन न वाढणे, न्यूमोनिया, असे एकामागून एक सुरू होते. जिवंत जंतूंची लस, उदाहरणार्थ बीसीजी, अशा बाळाला रोगासारखीच बाधते. उपचार झाले नाहीत, तर बहुतेक बाळे पहिल्या एक-दोन वर्षांत दगावतात.

विकाराचे नाव एक असले, तरी त्यामागची जनुके अनेक आहेत. सर्वाधिक आढळणारा प्रकार एक्स गुणसूत्राशी निगडित आहे आणि म्हणून तो जवळपास नेहमी मुलग्यांना होतो. त्यातले दोषी जनुक १९९३ मध्ये सापडले. ते बनवत असलेले प्रथिन, ‘गॅमा-सी’ साखळी, हा इंटरल्यूकिन-२, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहा संदेशरसायनांच्या ग्राहींचा समाईक भाग आहे. म्हणजे एक साखळी तुटली की पेशीला सहा निरोप ऐकू येत नाहीत. दुसरा महत्त्वाचा प्रकार अ‍ॅडेनोसीन डीअमिनेज, म्हणजे एडीए, या विकराच्या (एन्झाइमच्या) अभावाचा. एलॉइज गिब्लेट यांनी १९७२ मध्ये तो ओळखला. हे विकर नसले की डीऑक्सिअ‍ॅडेनोसीन साचत जाते आणि लसिकापेशी, म्हणजे टी- आणि बी-पेशी, त्या विषाने मरतात.

लोकांना हा रोग माहीत झाला तो ह्यूस्टनच्या डेव्हिड व्हेटरमुळे. १९७१ मध्ये जन्मल्याबरोबर त्याला निर्जंतुक प्लॅस्टिकच्या कक्षात ठेवण्यात आले आणि जवळजवळ सारे आयुष्य त्याने तिथेच काढले. वृत्तपत्रांनी त्याला ‘बुडबुड्यातला मुलगा’ म्हटले. १९८३ मध्ये त्याला बहिणीची अस्थिमज्जा देण्यात आली; तिच्यात सुप्तावस्थेत असलेल्या एपस्टाइन-बार विषाणूमुळे त्याला लिंफोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, झाला आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये, बाराव्या वर्षी, तो गेला.

अस्थिमज्जा प्रतिरोपण हाच तेव्हा खरा उपाय होता आणि आजही तो पहिला मानला जातो. १९६८ मध्ये मिनेसोटात रॉबर्ट गुड यांच्या चमूने स्किडच्या एका बाळावर तो यशस्वी केला. ऊती पूर्ण जुळणारे भावंड असेल तर निकाल उत्तम येतो. पण बहुतेक बाळांना असे भावंड नसते. मग निम्मी जुळणारी आई किंवा बाप दाता होतात आणि दात्याच्या टी-पेशी बाळाच्याच शरीरावर उलटण्याचा धोका उभा राहतो. पॅरिसच्या नेकर बालरुग्णालयात आलँ फिशर यांचे काम याच अडचणीपासून सुरू झाले.

फिशर यांचा जन्म १९४९ चा. शिक्षणाने ते बालरोगतज्ज्ञ आणि प्रतिकारशास्त्रज्ञ. त्यांची कारकीर्द वॉर्ड आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या वाटेवर गेली. पुढे ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले, आनुवंशिक रोगांवरील इमाजिन संस्थेचे पहिले संचालक झाले आणि २०१५ मध्ये त्यांना फ्रीडमन यांच्यासोबत जपान पारितोषिक मिळाले. फ्रेंच जनतेला ते माहीत आहेत ते मुख्यतः कोविडच्या काळात सरकारच्या लसीकरण सल्लागार मंडळाचे प्रमुख म्हणून. या नोंदीच्या दृष्टीने मात्र त्यांचे १९९० च्या दशकातले काम मोलाचे.

त्याआधीच अमेरिकेत एक पाऊल पडले होते. १४ सप्टेंबर १९९० रोजी बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फ्रेंच अँडरसन, मायकेल ब्लीझ आणि केनेथ कल्व्हर यांनी एडीए-अभाव असलेल्या चार वर्षांच्या मुलीला तिच्याच, पण जनुक घातलेल्या टी-पेशी दिल्या. मान्यताप्राप्त जनुकोपचाराची सुरुवात म्हणून हीच तारीख सांगितली जाते. तिच्याविषयी थोडे सावधपणे बोलायला हवे. मुलीला बाहेरून दिले जाणारे एडीएचे इंजेक्शन त्या काळात चालूच होते. तेव्हा सुधारणा जनुकामुळे किती आणि इंजेक्शनमुळे किती, हे वेगळे काढता येईना. शिवाय टी-पेशींना आयुष्याची मर्यादा असते. झाड हवे तर बियाणे बदलायला हवे, म्हणजे मूळपेशींपर्यंत पोचायला हवे, हे सगळ्यांनाच दिसत होते. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसला डोनाल्ड कोन यांनी तीन नवजात बाळांच्या नाळेतील रक्तातून मूळपेशी घेऊन तसा प्रयत्न केला. जनुक शिरलेल्या पेशी वर्षानुवर्षे दिसत राहिल्या, पण फार थोड्या.

फार थोड्या पेशींत जनुक शिरते, हीच तर त्या काळची सगळ्यांची रड होती. फिशर यांच्या चमूच्या लक्षात आले, की एक्स-निगडित प्रकारात थोड्याही पुरतील. १९९६ मध्ये त्यांनी एका विलक्षण रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. या मुलाला हा विकार होता, तरी त्याच्या शरीरात टी-पेशी होत्या. टी-पेशी ज्या पूर्वज पेशींतून येतात त्यांपैकी एकीतला दोष आपोआप उलटून दुरुस्त झाला होता आणि तिच्या संततीने पुष्कळशी रिकामी जागा भरून काढली होती. निसर्गाने एका पेशीवर जनुकोपचार करून दाखवला होता. गॅमा-सी असलेल्या पेशीला वाढीचे निरोप ऐकू येतात, नसलेलीला येत नाहीत. त्यामुळे दुरुस्त पेशी न दुरुस्त झालेल्यांना मागे टाकते. हे विकार जनुकोपचारासाठी आधी निवडले गेले ते याच कारणाने. यकृताच्या किंवा स्नायूंच्या रोगांत दुरुस्त पेशीला अशी आघाडी सहसा मिळत नाही.

मार्च १९९९ मध्ये फिशर, मारिना काव्हाझाना-काल्व्हो आणि सलीमा हासें-बे-आबिना यांच्या चमूने उपचार सुरू केले. पद्धत सांगायला सोपी आहे. बाळाला भूल देऊन अस्थिमज्जा काढतात आणि तिच्यातून सीडी-३४ ही खूण असलेल्या पेशी चुंबकी मण्यांनी वेचून घेतात. त्या पिशवीत, वाढीच्या रसायनांत एक दिवस ठेवून ‘जाग्या’ करतात, कारण जनुक पेशीत वाहून नेण्यासाठी वापरलेला विषाणू विभागणाऱ्या पेशीतच ते घालू शकतो. मग तीन दिवस रोज एकदा त्यांना विषाणूयुक्त द्रव. हा विषाणू उंदरांच्या ल्युकेमियाचा. त्याची स्वतःची जनुके काढून त्यांच्या जागी माणसाचे गॅमा-सी बसवलेले. अखेर पेशी धुऊन बाळाच्या शिरेत सोडतात. केमोथेरपी नाही, दाता नाही. पहिली दोन बाळे अकरा आणि आठ महिन्यांची होती. सुमारे तीन महिन्यांनी ती निर्जंतुक खोलीतून बाहेर आली, आणि एप्रिल २००० मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात एड्रियन थ्रॅशर आणि बॉबी गॅस्पर यांनीही तसेच उपचार सुरू केले.

२००२ मध्ये पॅरिसच्या चाचणीतल्या एका मुलाच्या रक्तात टी-पेशी बेसुमार वाढू लागल्या. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होता. काही महिन्यांत दुसरा. चाचणीतली ही वयाने सर्वांत लहान दोन बाळे; रोग दिसला तो उपचारानंतर साधारण अडीच-तीन वर्षांनी. घातलेला विषाणू अकराव्या गुणसूत्रावर एलएमओ-२ नावाच्या जनुकाजवळ जाऊन बसला होता. हे जनुक टी-पेशी प्रौढ होताना गप्प असायला हवे. विषाणूच्या दोन टोकांना जनुके चालू करणारे जोरदार ‘बटण’ असते. ते गॅमा-सीसाठी ठेवले होते, पण त्याने शेजारचे एलएमओ-२ देखील दाबले. पॅरिस आणि लंडन मिळून २० मुलांपैकी ५ जणांना ल्युकेमिया झाला, आणि त्यांपैकी एक दगावला. बाकी चौघे केमोथेरपीने वाचले. जी आघाडी थोड्या पेशींना पुरेसे करत होती, तीच बिघडलेल्या पेशीलाही मिळाली, हा या प्रकरणातला खरा कडवट भाग.

फ्रान्समधली चाचणी थांबली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००३ मध्ये रक्ताच्या मूळपेशींवरील अशा चाचण्या रोखल्या. वर्तमानपत्रांत ‘जनुकोपचाराचा शेवट’ हा सूर होता. आज मागे पाहता तो सूर उथळ वाटतो, कारण अपघात लपवला गेला नाही. कोणत्या पेशीत, कोणत्या गुणसूत्रावर, कोणत्या जागी जनुक बसले, हे तपासून जाहीर केले गेले आणि पुढची सारी दुरुस्ती त्या माहितीवर उभी राहिली. उपचार न मिळालेल्या स्किडच्या बाळाचे काय होते, हेही त्या बातम्यांत क्वचितच असे.

दुरुस्ती दोन अंगांनी झाली. एक, विषाणूच्या टोकांवरचे बटण कापून टाकले. गॅमा-सी चालवायला आत एक सौम्य बटण बसवले. पेशीत शिरल्यावर टोके स्वतःच निष्क्रिय होतात अशी ही रचना आहे. २०१४ मध्ये नऊ मुलांचे निकाल आले. टी-पेशी पूर्वीसारख्याच परतल्या. दोन, उंदराच्या विषाणूऐवजी एचआयव्हीपासून घडवलेला, रोग करण्याची क्षमता काढून घेतलेला लेंटीविषाणू वापरात आला. एड्सच्या विषाणूने प्रतिकारशक्ती परत द्यावी, यातली गंमत कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. त्याचा खरा फायदा असा, की तो शांत बसलेल्या पेशीतही शिरतो आणि जनुकांच्या सुरुवातीच्या नाजूक भागापाशी बसण्याची त्याची ओढ कमी असते.

जुना एक प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने सुटला. पॅरिसच्या मुलांत टी-पेशी आल्या, पण बी-पेशी बहुतांशी पूर्वीसारख्याच राहिल्या आणि कित्येकांना प्रतिपिंडांची इंजेक्शने चालूच ठेवावी लागली. अस्थिमज्जेत दुरुस्त मूळपेशींना बसायला जागाच नव्हती. मिलानमध्ये एडीए-अभावावर काम करणाऱ्या आलेस्सांद्रो आयुटी आणि सहकाऱ्यांनी बुसल्फान या केमोथेरपीच्या औषधाची हलकी मात्रा आधी देऊन ती जागा करून घेतली होती. त्यांचे निकाल २००२ चे. हाच धडा मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने एक्स-निगडित प्रकारात वापरला. तिथला लेंटीविषाणू ब्रायन सॉरेंटिनो यांनी घडवलेला. २०१९ मध्ये आठ बाळांचा वृत्तान्त आला, त्यांत बी-पेशीही कामाला लागलेल्या दिसल्या. सॉरेंटिनो आदल्याच वर्षी वारले होते.

इतर विकारांचा अनुभव संमिश्र आहे. विस्कॉट-आल्ड्रिच लक्षणसमूह या प्रतिकारशक्तीच्या आणखी एका आनुवंशिक विकारावर जर्मनीत जुन्या पद्धतीच्या विषाणूने दहा मुलांवर उपचार झाले, त्यांतल्या सात जणांना ल्युकेमिया झाला. लेंटीविषाणूने चित्र पालटले. दीर्घकालीन ग्रॅन्युलोमा रोगात, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी त्यांना मारू शकत नाहीत अशा विकारात, दुरुस्त पेशीला आघाडी नसते, त्यामुळे तिथे वाट अधिक खडतर. आर्टेमिस जनुकाच्या दोषाने होणारे स्किड अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी नावाहो आणि अपाची समाजांत जास्त आढळते. सॅन फ्रान्सिस्कोत मॉर्टन कोवन आणि जेनिफर पक यांनी दहा बाळांवर केलेल्या उपचारांचे निकाल २०२२ मध्ये आले.

जेनिफर पक यांचे नाव दुसऱ्याही कारणाने घ्यावे लागते. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशी आपला ग्राही जुळवताना डीएनएचा एक तुकडा कापून टाकते. तो वर्तुळ होऊन पेशीत पडून राहतो. नवजात बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ही टाकाऊ वर्तुळे मोजली, की टी-पेशी बनताहेत का हे कळते. यावर आधारलेली, पक यांनी विकसित केलेली तपासणी २००८ मध्ये विस्कॉन्सिनने सुरू केली आणि २०१८ च्या अखेरीस ती अमेरिकेच्या सर्व राज्यांत पोचली. त्यातून स्किडचे प्रमाण सुमारे ५८,००० जन्मांत एक असल्याचे दिसले. संसर्ग होण्याआधी बाळ हाती आले, तर कोणताही उपचार अधिक यशस्वी होतो.

पण इतक्या थोड्या रुग्णांसाठी औषध विकणार कोण? मिलानचा उपचार २०१६ मध्ये ‘स्ट्रिमव्हेलिस’ नावाने युरोपात मान्य झाला. किंमत ५,९४,००० युरो. तयार पेशी सहा तासांच्या आत द्याव्या लागत, म्हणून बाळाला घेऊन मिलानलाच जावे लागे. हा उपचार ग्लॅक्सोस्मिथक्लाइनकडून २०१८ मध्ये ऑर्चर्ड या कंपनीकडे आणि २०२३ मध्ये टेलिथॉन या इटालियन धर्मादाय प्रतिष्ठानाकडे गेला. मध्यंतरी, २०२० मध्ये, त्याच्या एका रुग्णातही ल्युकेमिया आढळला.

लॉस एंजेलिसच्या डोनाल्ड कोन यांच्या एडीए-लेंटीविषाणूची वाटही अशीच अडखळत गेली. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ५० मुलांचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले; सर्व मुले जिवंत होती. तरीही परवाना घेतलेल्या ऑर्चर्डने गुंतवणूक थांबवली आणि २०२२ मध्ये परवाना कोन यांच्या विद्यापीठाकडे परत केला. काम पुन्हा सार्वजनिक निधीतून उचलावे लागले. २०२५ मध्ये ६२ मुलांचा दीर्घकालीन आढावा आला. ५९ जणांत प्रतिकारशक्ती टिकून होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना पेशी गोठवून ठेवून मग दिल्या होत्या. गोठवलेल्या पेशींची गुणवत्ता सवडीने तपासता येते आणि त्या दूरच्या रुग्णालयातही पाठवता येतात, म्हणजे बाळाला घेऊन कुटुंबाने प्रयोगशाळेच्या गावी मुक्काम ठोकण्याची गरज उरत नाही.