कडक सुरीचा टवका का उडतो? कैरीच्या हंगामाआधी वाचावे असे

लोणच्याच्या कैऱ्या बाजारात आल्या की आमच्या काउंटरवर एकाच तऱ्हेच्या सुऱ्या येऊ लागतात. पातं पातळ, सुरी चांगल्या पैशाची, आणि धारेच्या मधोमध नखाएवढी अर्धगोल खाच. प्रश्नही ठरलेला: "एवढी महाग सुरी, पोलाद खोटं निघालं का हो?"

पोलाद मऊ असतं तर टवका उडालाच नसता, धार नुसती दुमडली असती.

पोलाद तापवून त्याला पाणी दिलं की ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग ते पुन्हा बेताने तापवून थोडा कडकपणा मुद्दाम उतरवतात, तेव्हा त्यात चिवटपणा येतो. एकाच पोलादातून दोन्ही गोष्टी पुरेपूर मिळत नाहीत. कडकपणा कमी उतरवला तर धार खूप टिकते, पण धक्का सोसत नाही. जास्त उतरवला तर धक्का सोसते, पण लवकरच टोमॅटोच्या सालीवर घसरायला लागते. हा कडकपणा रॉकवेल सी मापावर मोजतात. आमच्याकडच्या जपानी व्हीजी-१० पोलादाच्या सुऱ्या ६० च्या आसपास असतात, जर्मन धाटणीच्या ५५ ते ५७. आकड्यांत फार अंतर दिसत नाही, पण मटणाच्या हाडावर बसली की कळतं. जर्मन सुरीची धार वाकते, धार सरळ करायच्या सळईवर चार हात फिरवले की बऱ्यापैकी सरळ होते. जपानी सुरीची धार तुटते. तिची धार दर बाजूला जेमतेम १५ अंशांत घासलेली असते, म्हणजे धारेच्या कडेशी पोलादच कमी. ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेला कोयता मात्र नारळ फोडतो आणि तसाच राहतो, कारण त्याचं पोलाद चिवट आणि धार जाड.

आता खरी चूक कुठे होते ते सांगतो. सुरी बाठीवर किंवा भोपळ्यात बसते तेव्हा ती बहुतेक वेळा शाबूत असते. मग ती अडकते, आणि आपण मूठ धरून डावी-उजवी पिळतो. टवका त्या पिळण्याने उडतो. पातळ कडक धार सरळ दाब चांगला सोसते, आडवा अजिबात नाही. अडकलेली सुरी ज्या रेषेत आत गेली त्याच रेषेत मागे ओढा. निघत नसेल तर भोपळा एका हाताने घट्ट दाबून धरा आणि सुरी हळू मागेपुढे करत काढा, पण पातं फिरवू नका. फ्रीझरमधून काढलेलं मटण, सुरण, कच्चा फणस, सगळ्यांना हेच लागू. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरणं तर नकोच, खाली लाकडी पाट हवा.

लोणच्याच्या फोडींना बाठ हवीच असते, ते आम्हालाही ठाऊक आहे. त्यासाठी कैरीवाल्याकडे अडकित्त्यावर फोडी करून घ्या. घरीच करायच्या असतील तर विळी किंवा कोयता घ्या. कोयते आमच्याकडे मिळतात, पण घरात आजीची जुनी विळी असेल तर नवं काही घेऊ नका, तिलाच धार लावून देऊ.

"एका टवक्याच्या दुरुस्तीला एवढे दिवस आणि एवढे पैसे?" असंही विचारलं जातं. टवका भरून काढता येत नाही. तो एक मिलिमीटर खोल असेल तर टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार एक मिलिमीटर मागे न्यावी लागते. मागे पातं जाड असतं, म्हणून मग दोन्ही गाल घासून पातळ करायचे, आणि त्यानंतर कुठे धार लावायची. कोरड्या चाकावर हे काम दहा मिनिटांत उरकतं, ठिणग्याही छान उडतात. पण धार निळसर दिसली की समजा, ती निदान ३०० अंशांपर्यंत तरी तापली. या सुऱ्यांचा कडकपणा साधारण १५० ते २०० अंशांवर बेतलेला असतो, त्यामुळे निळी पडलेली धार मऊ झालेली असते. त्या सुरीला नंतर कितीही धार लावा, आठवडाभरात बोथट. म्हणून आम्ही पाण्याच्या संथ चाकावर आणि दगडावर काम करतो. वेळ लागतो, आणि घाई करा म्हटलं तरी आम्ही करत नाही.

बारीक दाते पडले असतील तर लवकर आणा. साध्या धारेच्या पैशात भागतं, नंतर भागत नाही. कडक सुरी खाचा असलेल्या स्टीलच्या सळईवर घासू नका, तिच्यासाठी सिरॅमिकची सळई घ्या. नवीन सुरी घेताना घरात मासे-मटण किती होतं ते आम्हाला सांगा. रोज हाडं तोडायची असतील तर महागडी जपानी सुरी आम्ही दाखवणारच नाही.

दुरुस्तीला आणताना पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, आणि सुरी कशावर चालवली ते खरं सांगा. खाच बघून आम्हाला बहुतेक कळतंच.