ड्रोनच्या नकाशात अचूकता येते कुठून?

जमिनीची मोजणी ड्रोनने करावी की जीपीएससारख्या उपग्रहांवर चालणाऱ्या जीएनएसएस यंत्राने, असा प्रश्न हल्ली सारखा विचारला जातो. मला ही तुलनाच अर्धवट वाटते, कारण ड्रोनच्या नकाशातली अचूकताही शेवटी उपग्रहांकडूनच येते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. संदेश पोचायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा. (चौथा लागतो तो रिसीव्हरच्या घड्याळातली चूक काढायला.) रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, तेव्हा वेळेतली जराशी गफलतही भोवते. त्यात वातावरणामुळे संदेशाला उशीर होतो. म्हणून मोबाइलवरचा ठिपका मोकळ्या मैदानातही काही मीटर इकडेतिकडे असतो. रस्ता शोधायला तेवढं पुरतं, हद्द ठरवायला नाही.

त्यासाठी आरटीके (रिअल-टाइम किनेमॅटिक) पद्धत आहे. तिच्यात दोन रिसीव्हर असतात: जागा आधीच माहीत असलेल्या बिंदूवर ‘बेस’ आणि हातातल्या काठीवर ‘रोव्हर’. दोघं जवळ असतील तर त्यांच्यावरचं वातावरण जवळपास सारखंच असतं, त्यामुळे त्यातून येणारी चूक वजा करता येते. शिवाय इथे संदेश वाहून आणणारी मूळ रेडिओलहर, म्हणजे वाहक लहर, थेट मोजतात. जीपीएसच्या एल१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, आणि तिचाही लहानसा अंश मोजता येतो. उपग्रहापर्यंत पूर्ण लहरी नेमक्या किती, हे कोडं सुटलं की पडद्यावर ‘फ्लोट’ (अंदाजी उत्तर) जाऊन ‘फिक्स’ (पक्कं उत्तर) येतं आणि आडवी चूक एक-दोन सेंटिमीटरवर उतरते. उंचीतली चूक त्याहून जास्त असते, कारण उपग्रह फक्त डोक्यावरच्या बाजूला असतात. दाट झाडाखाली किंवा उंच भिंतीलगत परावर्तित लहरींमुळे खोटा ‘फिक्स’ही येऊ शकतो. म्हणून महत्त्वाचा बिंदू काही वेळाने पुन्हा मोजावाच.

रोव्हर एका वेळी एकच बिंदू मोजतो, ही त्याची मर्यादा. खाणीतल्या मातीच्या ढिगाऱ्याचं घनफळ काढायचं असेल तर ड्रोनला तोड नाही. तो ७०-८० टक्के एकमेकांवर येणारे फोटो काढत जातो. एकच खूण अनेक फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसते, आणि सॉफ्टवेअर त्यावरून कॅमेऱ्याची जागा, कल आणि जमिनीचा आकार एकत्रच सोडवतं. १०० मीटर उंचीवरून एक पिक्सेल साधारण २-३ सेंटिमीटरचा पडतो.

सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. पिक्सेल बारीक म्हणजे नकाशा अचूक असं नाही. सुंदर, रेखीव नकाशा अख्खाच्या अख्खा मीटरभर सरकलेला असू शकतो. भिंगाची वक्रता नीट सोडवली गेली नाही, तर सपाट मैदान मध्यभागी फुगलेलं दिसतं, पालथ्या ताटासारखं.

यावर उपाय म्हणजे उड्डाणाआधी जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या खुणा पसरून त्यांचे मध्यबिंदू रोव्हरने मोजणं. त्यांतल्या काही खुणा मात्र सॉफ्टवेअरला द्यायच्या नाहीत, राखून ठेवायच्या. नकाशावर त्या किती सरकल्या, यावरून खरी चूक कळते. ज्या खुणांवर नकाशा बेतला, त्यांच्यावरची चूक नेहमीच गोड दिसते. आरटीके ड्रोन प्रत्येक फोटोची जागा स्वतः नोंदवतो, त्यामुळे खुणा कमी लागतात. पण सेकंदाला १० मीटर वेगाने उडताना शटरची नोंद सेकंदाचा शंभरावा भाग जरी चुकली, तरी जागा १० सेंटिमीटरने हुकते. म्हणून राखीव खुणा तिथेही हव्यात.

गवतात बुडालेला हद्दीचा दगड कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि घराच्या भिंतीऐवजी छपराची कड मोजली जाते. तिथे रोव्हर घेऊन जावंच लागतं. लायडारचे, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राचे, किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, म्हणून झाडीखालचा उंचसखलपणा त्यातून मिळतो. दगड मात्र तरीही पायी जाऊनच शोधावा लागतो.

उंचीबाबत आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. उपग्रह उंची सांगतात ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. काही ठिकाणी या दोहोंत १०० मीटरपर्यंत फरक पडतो, आणि तो जागेनुसार बदलतो. पाणी कुठे वाहील हे ठरवायचं असेल, तर रोव्हरचे बिंदू आणि ड्रोनचा नकाशा एकाच जिऑइड मॉडेलवर (समुद्रसपाटीच्या गणिती नमुन्यावर) आणलेले आहेत ना, हे काम सुरू होण्याआधीच पाहून घ्यावं.